दुसरं बिस्कीट

मी एक पत्र्याचा डबा. गोल, निळा, झाकणावर पवनचक्की. आत्ता माझ्या पोटात चकल्या आहेत आणि मी कुवेतमध्ये, खैतानच्या एका फ्लॅटमधल्या ओट्यावर बसलोय. पण माझ्याकडे नुसता फराळाचा डबा म्हणून बघू नका. मी मंत्र्याच्या टेबलावर बसलेला डबा आहे.

माझा जन्म हॉलंडमधला. खेरिट ओवरमेअर नावाच्या तरुणानं मला दुकानातून उचललं, तेव्हा तो नुकताच नगरसेवक झाला होता आणि घरी चार माणसं कॉफीला यायची होती. तिकडची रीत अशी, की पाहुण्यापुढे डबा उघडायचा, त्यानं एक बिस्कीट घ्यायचं आणि लगेच झाकण बंद. तुम्हाला हा चिक्कूपणा वाटेल. खैतानचा वारा लागल्यापासून मलाही वाटतो.

खेरिटसाहेबांनी या रीतीवर आपलं सगळं राजकारण उभं केलं. एकेक बिस्कीट झालं की मी बंद. मग बोला, बांधाची उंची असो की शाळेची जागा. सगळ्यांच्या माना डोलल्या की साहेब स्वतःच्या हातानं मला पुन्हा उघडायचे. ज्यानं दुसरं बिस्कीट घेतलं, त्याची संमती झाली. मतं मोजायची नाहीत, कुणाला गप्प बसवायचं नाही. माणसं भुकेपोटी का होईना, एकमेकांचं ऐकून घ्यायची.

याच बळावर साहेब महापौर झाले, हेगच्या संसदेत गेले, पाण्याच्या खात्याचे मंत्री झाले. दर बढतीला नवं टेबल, नवी खुर्ची. डबा मात्र मीच. एका कालव्याच्या भांडणात तर सकाळची कॉफी दिवेलागणीपर्यंत चालली आणि माझ्यातली बिस्किटं मऊ पडली. पण कालवा झाला. मला तेव्हा फार मिजास चढली होती.

पुढे निवडणूक हरले. लोक फोन करायचे थांबले. साहेब काही दिवस बागेत उगीच खुरपत बसले, मग पंप बनवणाऱ्या एका कंपनीत शिरले आणि पिकल्या केसांनी धंदा शिकले. कंपनीनं त्यांना कुवेतला धाडलं. त्यांच्या देशात समुद्र बाहेर ढकलायचा, इथे तो आत ओढून, गोडा करून प्यायचा. साहेब म्हणायचे, पंपाला काय, दोन्ही सारखंच.

ऑफिस दस्मानला, खिडकीतून समुद्र दिसणारं. पंपदुरुस्तीचं वर्कशॉप अर्दियाला. ऑफिस सांभाळायची देवयानी, मूळची पुण्याची, आणि तिचा नवरा नीलेश वर्कशॉपमध्ये टेक्निशियन. साहेबांच्या नावातला तो घशातला ‘ख’ पहिल्या दिवशी बरोबर म्हणणारी देवयानी एकटीच, म्हणून साहेब तिच्यावर खूश. इथले करार दिवाणियांमध्ये, म्हणजे कुवेती घरांतल्या बैठकांत, यजमानांच्या खजुरावर आणि कॉफीवर व्हायचे. त्यामुळे दुसऱ्या बिस्किटाची वेळच कधी आली नाही आणि देवयानीला तो नियम कुणी सांगितला नाही. साहेब एकावर झाकण लावतात म्हणजे त्यांना साखरेचा त्रास असणार, असं तिनं नीलेशला परस्पर सांगूनही टाकलं होतं.

मग मुख्य कचेरीतून दोघं आले. त्यांतली आन्नेलिस पूर्वी मंत्रालयात साहेबांचीच सहायक. माझे सगळे कायदे तिला पाठ. अर्दियाचं वर्कशॉप बंद करून काम बाहेर द्यायचं, हा त्यांचा प्रस्ताव. वर्कशॉप बंद म्हणजे नीलेशची आणि त्याच्या सोबत्यांची नोकरी जाणार, नोकरीबरोबर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना. देवयानीची मुलगी ज्ञानदा दहावीत होती. वर्षाच्या मध्यावर घर गुंडाळायचं कसं, या विचारानं देवयानी सकाळपासून भांबावलेली.

एकेक बिस्कीट झालं. मी बंद. बोलणी अडली. साहेब काही केल्या मान डोलवेनात. तेवढ्यात देवयानी कॉफी घेऊन आली, पाहुण्यांच्या रिकाम्या बशा बघितल्या आणि तिचा हात सवयीनं चालला. तिनं मला उघडलं आणि आन्नेलिसपुढे धरलं. “घ्या ना अजून एक, एकावर कोणी उठत नाही आमच्यात.”

साहेबांच्या खोलीत साहेबांच्या डब्याचं झाकण दुसऱ्यांदा उघडलं. साहेबांनीच सांगितलं असणार असं वाटून आन्नेलिसचा चेहरा उजळला. तिनं बिस्कीट घेतलं, साहेबांचे आभार मानले आणि कागद आवरायला लागली.

साहेब म्हणाले, “हे बिस्कीट देवयानीनं दिलंय, मी नाही. हे धरायचं नाही.” आणि मग त्यांना सगळा नियम देवयानीला समजावून सांगावा लागला, पाहुण्यांसमोर. ती पांढरीफटक पडली आणि ट्रे घेऊन बाहेर गेली.

पुढचं तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं. आन्नेलिस हळूच म्हणाली, की कंपनीला एक दार बंद करावंच लागेल, अर्दियाचं नाहीतर हे. साहेब उठून खिडकीपाशी गेले. “मग हे बंद करा,” ते म्हणाले. “तिथं काम चालतं. इथं नुसता मी बोलतो.” देवयानीला अर्दियाच्या ऑफिसात घ्यायचं, हेही ठरवून घेतलं. मग त्यांनी स्वतः मला उघडलं आणि दुसरं बिस्कीट सगळ्यांआधी त्यांनीच घेतलं. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

कुणाला ओझं वाटू नये म्हणून त्यांनी त्या दोघांकडून शब्द घेतला. सगळ्यांना सांगायचं, म्हातारा थकला.

निरोपाचं जेवण खैतानला याच घरी झालं. साहेबांनी देवयानीच्या आग्रहाला एकदाही नाही म्हटलं नाही. अळूवडी तर तीनदा मागून घेतली. जाताना मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, याला जरा उघडा राहू दे.

आता माझा रंग उडालाय, पवनचक्कीचं एक पातं गेलंय. ज्ञानदा येता-जाता हात घालते, इंग्रजीत काहीतरी पुटपुटते आणि झाकण लावायला विसरते. मी सुखात आहे. पण देवयानी सुखात नाही. परवा मला पुसता पुसता ती नीलेशला म्हणाली, “मी त्या दिवशी मध्ये कडमडले नसते, तर साहेब अजून इथेच असते ना रे? अपमान वाटला असणार त्यांना.” नीलेश म्हणाला, वय झालं होतं त्यांचं, सोड. तिनं सोडलं नाही. पुसायची थांबली फक्त.

म्हणून तुम्हाला विनंती. खैतानला कधी आलात तर तिच्याकडे चहाला जा आणि तिला खरं काय ते सांगा. साहेब थकले नव्हते, रागावले तर मुळीच नव्हते. तिचं घर इथं राहावं म्हणून ते उठले. मी सांगतोय हे साहेबांना आवडणार नाही, मला माहीत आहे. पण शब्द त्यांनी त्या दोघांकडून घेतला. माझ्याकडून घ्यायचा राहिला.