वर्गातला तेरावा

त्या वर्षी जागतिक भूगोलाला दानबी धरून बारा मुलं आली आणि तिने कपाळावर हात मारून घेतला. छॉन सर मात्र हरखले होते. मागच्या वर्षी त्यांचा विषय कुणीच घेतला नव्हता, म्हणून त्यांना ग्रंथालयात पुस्तकं झटकायला बसवलं होतं. बारा मुलं पाहून त्यांनी पृथ्वीचा गोल ओल्या फडक्याने पुसायला घेतला. पॅसिफिकमध्ये तर बोटभर धूळ होती.

पण दानबीला शाळेचे नियम तोंडपाठ होते. पहिली श्रेणी शंभरातल्या चौघांनाच मिळते. वर्गात तेराजण असले, तर ओढूनताणून ती एकाच्या वाट्याला येते. बारा असले, तर पहिला येणाराही खालच्या श्रेणीत. पहिल्या जागेवर दोघांची बरोबरी झाली, तर दोघांच्याही हाती भोपळा. दानबीला सोलच्या विद्यापीठात भूगोलच शिकायचा होता आणि तिथे या विषयात पहिली श्रेणी नसेल, तर कुणी दारातही उभं करत नसे.

"नीतिशास्त्र घे," आई म्हणाली होती. "तिथे दोनशे मुलं आहेत. जग काय, कुठे पळून चाललंय?"

दानबीने ऐकलं नाही. आता तेराव्यासाठी वणवण करणं आलं. मैत्रिणींनी तर तिला वेड्यात काढलं. "नकाशा फोनमध्ये असतो की," हे तिला दिवसभरात सहा वेळा ऐकावं लागलं. शेवटी तिची नजर बॉमसूवर पडली. हा मुलगा शाळेत दप्तर विसरून येई, पण डोक्याखाली घ्यायची उशी कधी विसरत नसे.

"ए बॉमसू, ऊठ. जागतिक भूगोल घेतोस?"

"तिथे झोपता येतं?"

"हवं तेवढं. छॉन सर कुणाला उठवत नाहीत."

"म्हणजे तू पहिली येणार आणि मी खाली सतरंजी अंथरणार." झोपेत असूनही त्याला बरंच कळत होतं. "मला काय मिळणार?"

"दर शुक्रवारी गाडीवरची तिखट तोकबोक्की. वर एक उकडलेलं अंडं."

"दोन."

"बरं बाबा, दोन!"

दोन आठवडे बॉमसू ठरल्याप्रमाणे घोरला. दानबीला इतकं समाधान झालं की तिने त्याला घरची मऊ उशी आणून दिली. तिसऱ्या आठवड्यात सरांनी अटलांटिकचा नकाशा फळ्यावर टांगला, आफ्रिकेच्या कुशीतल्या सात ठिपक्यांवर छडी ठेवली आणि म्हणाले, "ही कॅनरी बेटं." बॉमसूने डोकं वर काढलं. गालावर उशीची शिवण उमटली होती.

"सर, तिथे पाऊस कधी पडतो?"

सरांच्या हातातली छडी खाली पडली. सतरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी आपणहून प्रश्न विचारला होता. तो तास त्यांनी मधल्या सुट्टीतही ओढला. त्यानंतर बॉमसू झोपेना. वारा कुठून सुटतो, थंड प्रवाह कुठून येतो, वाळवंटातली धूळ समुद्रावर किती लांब जाते, असं त्याचं सुरूच. उशी दप्तरात तशीच पडून राहू लागली.

सत्राच्या मधल्या परीक्षेत बॉमसूला पंच्याण्णव मार्क पडले आणि दानबीला नव्वद. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. दानबीनेही वाजवल्या, पण दात ओठ खाऊन. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय आणि वर त्या धोंड्याला दर शुक्रवारी अंडी खाऊ घातली आहेत, हे तिला सहन होईना.

"तू झोपणार होतास!" तिने त्याला तोकबोक्कीच्या गाडीवर गाठलं.

"तिथे झोपच लागत नाही गं. विषय सोडू का?"

"सोड! नको, नको, थांब. परत बारा होतील."

दोघं खात राहिले. मग बॉमसू म्हणाला, "असं करतो. सत्रपरीक्षेत शेवटचे तीन प्रश्न चुकवतो. मला कुठे विद्यापीठात जायचंय? तुलाच ती श्रेणी हवीय."

इथे दानबीने ठाम नाही म्हणायला हवं होतं. ती म्हणाली, "तीन पुरतील?"

जुलैत सत्रपरीक्षा झाली. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच मार्क. विसावा प्रश्न असा होता: जुलै महिना आहे, बुसानमध्ये दुपारचे चार वाजले आहेत, तर कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मास बंदरात किती वाजले असतील? प्रमाणवेळेत नऊ तासांचा फरक. दानबीने झटकन वजाबाकी केली, सकाळचे सात असं लिहिलं आणि ऐटीत पेन खाली ठेवलं.

निकालाच्या दिवशी छॉन सर हसतच वर्गात आले. "पोरांनो, कमालच झाली! दोन्ही परीक्षा मिळून दानबी एकशे पंच्याऐंशी आणि बॉमसूही एकशे पंच्याऐंशी!"

शाळा सुटल्यासुटल्या दानबीने बॉमसूला बाही धरून जिन्याखाली ओढलं.

"तीन चुकवणार होतास ना? दोनच चुकवलेस! आता दोघांनाही काही नाही!"

"विसावा नाही चुकवता आला."

"सात सोडून काहीही लिहायचं होतंस! सातच तर बरोबर आहे!"

"आठ," बॉमसू म्हणाला. "उन्हाळ्यात तिकडे घड्याळ तासभर पुढे करतात. सरांनी सांगितलं होतं. तू खाली लाल रेघ मारली होतीस, मी पाहिली."

दानबीने वही काढली. रेघ होती.

"बाबांची बोट एप्रिलपासून लास पाल्मासला दुरुस्तीला लागलीय," बॉमसू डोकं खाजवत म्हणाला. "चारला शाळा सुटली की मी त्यांना फोन करतो. तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, ते न्याहारीला बसलेले असतात. शप्पथ, सात लिहायला मी तीनदा पेन टेकवलं. पण माझा बाप सातला उठतच नाही, त्याला मी काय करू?"

दानबीला स्वतःची श्रेणी गेल्याचं दुःख होतंच, पण त्याचीही आपण घालवली, याची त्याहून जास्त लाज वाटत होती. तेवढ्यात बॉमसूचा फोन वाजला. पडद्यावर उन्हाने रापलेला चेहरा आला, एक गाल घासाने फुगलेला.

"काय रे, आज उशीर? आणि ही कोण? ती तोकबोक्कीवाली का?"

"हो, बाबा."

"बरं झालं भेटलीस, पोरी. वीस वर्षं मी या समुद्रावर आहे. घरी गेलो की सगळे विचारतात, काय आणलंस. इथे वारा कुठून येतो, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. हा आमचा दिवटा हल्ली रोज विचारतो. तूच त्याला त्या वर्गात बसवलंस म्हणे."

दानबीने मान खाली घालून वाकून नमस्कार केला.

"गुड मॉर्निंग, काका. तिकडे आठ वाजून गेले ना?"

तो गडगडाटी हसला. "बघ, बॉमसू! इथे किती वाजलेत, हे हिला बरोबर माहीत आहे."

"आत्ताच कळलं, काका," दानबी म्हणाली.