चारूच्या डोळ्याजवळची रेघ

शामलाला वय विचारायची कोणाची हिंमत नव्हती, आणि तिने सांगितलंच तर कोणाचा विश्वास बसत नसे. ऑफिसातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिला घेरून बसायच्या. काय लावतेस, काय खातेस, सांग ना. शामलाही हातचं राखून सांगायची नाही. सकाळी उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी. अंधार पडायच्या आत जेवण आणि वेळेवर झोप. तर्रीपोहे बंद, सावजीच्या झणझणीत रश्श्याचं तर नावच काढायचं नाही. संत्र्याची सालं सावलीत वाळवून दळायची आणि दह्यात कालवून तोंडाला लावायची. आणि नागपूरचं ऊन म्हणजे वैरीच, तेव्हा स्कूटीला किक मारायच्या आधी डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये. बायका माना डोलवायच्या आणि तिथंच बसून समोसे खायच्या. आता अशांना काय म्हणावं!

एक गोष्ट मात्र शामला कोणाला सांगत नसे. ती हसायची नाही. रडायचीही नाही. हसलं की डोळ्यांच्या कडेला रेघा पडतात, रडलं की पापण्या सुजतात, म्हणून तिने दोन्ही टाकून दिलं होतं. आणि हे सगळं ती स्वतःच्या तोंडासाठी करतच नव्हती.

ते तोंड चारूचं होतं. चारुशीला म्हणजे तिची जुळी बहीण. कुही गावच्या घरात दोघी एकाच दगडावर बसून न्हायल्या, एकमेकींचे फ्रॉक घालून हिंडल्या, आणि खुद्द त्यांच्या बापाने एकीचा मार दुसरीला दिला. बाविसाव्या वर्षी चारूला कावीळ झाली आणि ती हां हां म्हणता गेली. तेरवी आटोपल्यावर आईने शामलाचं तोंड ओंजळीत धरलं.

"तुले पाह्यलं का मले चारू दिसते वं," ती म्हणाली.

बस, एवढंच. जपून ठेव असं काही ती बोलली नव्हती. पण पोरीच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. हे तोंड म्हातारं झालं तर आईची चारू दुसऱ्यांदा जाईल, आणि या खेपेला दोष आपला असेल, या धास्तीनं तिने सारं तरुणपण काढलं. लग्न झालं, बाप गेल्यावर आई कुहीचं घर बंद करून तिच्याकडे राहायला आली, तरी नेम मोडला नाही. नवरा सुशील सुरुवातीला थट्टा करायचा, की अशी मूर्ती देवळात बरी, घरात नाही. पुढे त्यानेही नाद सोडला. हसणारंच कोणी नसेल तर माणूस थट्टा करून करून किती करणार?

रोज सकाळी लेप धुतला की त्याच्या खालून बेसिनवरच्या आरशात चारू निघायची. आहेस, तशीच आहेस, असं शामला तिला मनातल्या मनात सांगायची आणि मगच चहा ठेवायची. गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी आरशातल्या डाव्या डोळ्याजवळ बारीकशी रेघ दिसली. शामलाने स्वतःच्या डोळ्याजवळ बोट फिरवलं. कातडी लोण्यासारखी मऊ होती, रेघ लागत नव्हती. तिने सुशीलला बोलावलं. त्याला ना तोंडावर काही दिसलं, ना आरशात.

संक्रांतीपर्यंत रेघा वाढल्या. होळीला आरशातले केस कानाजवळ पांढरे झाले. तिने साखर सोडली, दूध सोडलं, दुपारची खिडक्यांना जाड पडदे लावून बसू लागली. आरशातली बाई आपली म्हातारी होतच राहिली. आणि भयंकर म्हणजे, ती दिवसेंदिवस हसरी दिसू लागली.

अशात आईचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदूमुळे कित्येक वर्षं तिला सगळं धुकट दिसायचं, लेकीचं तोंडही ती बोटांनीच पाहायची. रामदासपेठेतल्या दवाखान्यात एक डोळा झाला, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. आता आई खरंखुरं पाहणार, या विचारानं शामला हादरली. आईलाही त्या रेघा दिसल्या तर? त्या सकाळी तिने लेप दोनदा लावला.

नर्सने पट्टी काढली. आईने डोळ्याची उघडझाप केली, पाणी आलं ते पुसू दिलं, आणि शामलाकडे पाहत राहिली. मग अंगठा पुढे करून तिने शामलाच्या डोळ्याची कड चाचपली.

"काहून वं, इथं काहीच नाही?"

शामलाचा जीव भांड्यात पडला. इतकी वर्षं जपलं, होती तशीच ठेवली तुझी चारू, असं ती अभिमानानं सांगून गेली. आईचं तोंड एवढंसं झालं.

"तशी तं ती फोटोतबी आहे. मले वाटे, तुह्यासंगं माही चारूबी म्हातारी होऊन राहिली असन. हसून हसून डोये बारीक झाले असन तिचे. तेच पाहाले तं डोया करून घेतला मी."

परतताना दोघी ऑटोत बसल्या. शामलाने स्कार्फ बांधला नाही. ऊन थेट गालावर येत होतं आणि तिला काहीच वाटत नव्हतं.

घरी आल्यावर आई हात धुवायला बेसिनकडे गेली आणि तिथंच थबकली. मग शामलाला कितीतरी वर्षांनी तिचा मोकळा आवाज ऐकू आला.

"आली वं माही चारू!"

शामला धावत गेली. आरशात आईच्या शेजारी एक बाई उभी होती, पांढऱ्या बटांची, डोळ्यांभोवती रेघांचं जाळं असलेली, आणि खळखळून हसत होती. शामलाने स्वतःच्या गालाला हात लावला. गाल गुळगुळीत होता, तोंड मिटलेलं होतं. आई आरशाला काय काय सांगत सुटली, कुहीचं घर, चिंचेचं झाड, बापाचा मार. शामला तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती, तरी आईने एकदाही वळून पाहिलं नाही. मग जराशानं तिने आरशातल्या बाईलाच विचारलं.

"आन् शामली? माही शामली कुठं राह्यली वं?"

इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तेव्हा शामलाच्या छातीतून वर आलं. ती रडली, आणि कशी, तर तोंड वेडंवाकडं करून, नाक पुसायचं भान न ठेवता, लहानपणी मार खाऊन रडायची तशी. कपाळाला आठ्या पडल्या, पापण्या सुजल्या. आवाज ऐकून आई वळली. तिने लेकीचं ते चुरगळलेलं तोंड ओंजळीत धरलं आणि आठ्यांवरून अंगठा फिरवला.

"हे पाह्य," ती म्हणाली, "हे माही शामली."

शामलाने पदरानं डोळे पुसून वर पाहिलं. आरशात आता दोघीच होत्या, आई आणि ती. आई मात्र काचेजवळ वाकून, तो नवा डोळा बारीक करून, अजून कोणाला तरी शोधत होती.