मागून हाक

जावयाला गाडी चालवता येते, पण तिची तयारी करता येत नाही, असं माझं ठाम मत. म्हणून पहाटे मीच अंगणात उतरलो. धुकं असलं दाट, की दारातून गोठा दिसेना.

सृष्टी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, औशाजवळच्या गावी आलेली. आठवा महिना चालू होता. आदल्या संध्याकाळपासून बाळाची हालचाल मंदावली होती, आणि लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी उजाडताच या म्हणून सांगितलं होतं. धुकं विरेपर्यंत थांबायची सोय नव्हती. भीती लपवायला मी सुदर्शनरावांवर, जावई असूनही, डाफरत होतो.

“मोठा लाइट लावू नका. धुक्यात आपल्याच डोळ्यावर येतो.”

“हाव, मामा.”

पुढच्या दिव्यांवर पिवळा जिलेटीनचा कागद डकवला. काच धुऊन तिच्यावर तंबाखू चोळली, म्हणजे पाणी धरत नाही. वायपर फिरवून पाहिले. दोघांचे मोबाईल माझ्यासमोर बंद करायला लावले. “लातूर येईपस्तोर चालू करायचे न्हाईत. ध्यान रस्त्यावर पायजे.”

केवळाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. “त्यानं धुकं पळतंय व्हय?” मी खेकसलो. सृष्टी हसली. पोटावर हात ठेवून हळूच मागच्या सीटवर बसली.

गाडी कडब्याच्या गंजीला पाठ लावून उभी होती. ती फाटकाबाहेर वळली, तेव्हा तिची मागची बाजू मला पहिल्यांदा दिसली. काल शेतात वळवताना ती पाटाच्या चिखलात रुतली होती, ट्रॅक्टरनं ओढून काढली होती. पुढून मी लख्ख धुतली, मागं पाण्याचा थेंब टाकला नव्हता. काळी माती वाळून दोन्ही दिव्यांवर घट्ट बसलेली. लाल उजेडाचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता.

मी तोंड उघडलं, तोच केवळाबाईचा तळवा माझ्या तोंडावर आला. “अहो, मागून हाक मारू नका! पोटुशी लेक दवाखान्याला निघालीय!”

जन्मभर या बाईच्या असल्या गोष्टींना मी हसलो. आज नेमकं काळीज चरकलं. अपशकुन झाला आणि बाळाला काही झालं तर? मी गप्प राहिलो. तिचा हात बाजूला सारला तोवर गाडी धुक्यात दिसेनाशी झाली होती.

अनवाणी पळत सडकेला आलो. पळता पळताच फोन लावले. दोन्ही बंद.

औशाकडून घरघर ऐकू आली. ऊस टाकून परतणारा रिकामा ट्रक होता, भरधाव. मी उपरणं हलवत पार रस्त्यात शिरलो. त्याला मी दिसलोच नाही. कसाबसा बाजूला पडलो आणि ट्रक लातूरकडे निघून गेला, सृष्टीच्या मागोमाग.

मग मी हाक मारली. जिवाच्या आकांतानं, पुन्हा पुन्हा, मागून.