इदालीनाचं पाठ केलेलं उत्तर

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी उभं राहून ऐकलंत तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल. आज तुम्हाला इंग्लंडजवळच्या जर्सी बेटावरच्या इदालीनाची गोष्ट सांगतो. हिच्यात देवीला बोललेला नवस आहे, एक दुखरा खुबा आहे आणि इंग्रजीची तीन वाक्यं आहेत. आणि एक माणूस आहे, जो शेवटापर्यंत फारसं बोलत नाही. त्याच्यावर तेवढी नजर ठेवा.

इदालीना मूळची मदेराची, म्हणजे पोर्तुगालच्या बेटावरची. एकतीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर, बेल्मीरूबरोबर, जर्सीला आली आणि एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायला लागली. धुलाईघरात झाडून साऱ्या मदेराच्याच बायका. चादरीही पोर्तुगीजच बोलत असतील असं वाटावं, इतकी तिथे दुसरी भाषा कानावर पडत नसे. बँक, शाळा, दवाखाना असलं काही आलं की लेक नेलिया पुढे व्हायची. आठ वर्षांची असल्यापासून ती आईचं तोंड झाली होती. पुढे नेलियाचं लग्न झालं, ती समुद्रापलीकडे इंग्लंडात, साउदॅम्प्टनला गेली आणि आईचं तोंडही तिच्याबरोबर गेलं.

बेल्मीरू बटाटे निवडायच्या शेडमध्ये कामाला. त्याला कुणी इंग्रजीचं विचारलं की तो म्हणे, "बटाट्याला काय करायचंय इंग्रजी?" आणि विषय संपे.

नेलियाला मुलगी झाली ती सातव्या महिन्यात. काचेच्या पेटीत ठेवलेली, दीड किलोसुद्धा नाही. फोन आला तेव्हा इदालीना कामावर होती. ती तिथेच, ओल्या चादरींच्या दोन टोपल्यांच्या मधे गुडघ्यांवर बसली आणि मोंतेच्या आईला, मदेरातल्या डोंगरावरच्या मेरीमातेला, म्हणाली, "आई, पोर जगू दे. तुझ्या चौऱ्याहत्तर पायऱ्या गुडघ्यांनी चढून येईन." आमच्याकडे मदेरात हा नवस कुणी सहज बोलत नाही. काळ्या दगडाच्या पायऱ्या आहेत त्या, आणि तिच्या सणाचं, पंधरा ऑगस्टचं ऊन असतं.

पोर जगली. क्लारा नाव ठेवलं. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात इदालीनाच्या उजव्या खुब्यानं दगा दिला. बस चढताना दांड्याला लोंबकळावं लागे, रात्री कूस बदलता येईना. सकाळी पायात मोजा घालायला वाकता येईना, म्हणून बेल्मीरू तिच्यासमोर जमिनीवर बसून मोजे चढवी, बुटांच्या नाड्या बांधी आणि मग कामावर जाई. एक ऑगस्ट गेला. नवस तसाच अंगावर राहिला. आई शिक्षा करील याची इदालीनाला भीती नव्हती. तिला लाज वाटत होती. पोर मिळाली, आणि दिलेला शब्द मात्र कपाटात घडी घालून ठेवल्यासारखा पडून.

खुबा बदलता येतो, असं नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण बदलायचा की नाही, हे ठरवणार रुग्णालयातले हाडांचे मोठे डॉक्टर. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणून इदालीना अठ्ठावन्नाव्या वर्षी इंग्रजीच्या वर्गात जाऊन बसली.

वर्ग मंगळवारी दुपारी, चर्चमागच्या हॉलमध्ये. शिकवायला मिस रेनूफ, निवृत्त शिक्षिका, बेटावरच्याच. पोर्तुगीज चांगलं बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी झीताला इंग्रजीत विचारलं, "हाऊ आर यू?" झीता मासळीच्या दुकानात काम करणारी, बोलायला मोकळी. तिनं आपल्या पित्ताशयापासून सुरुवात केली, ती जावेच्या पित्ताशयापर्यंत पोचली.

"झीताबाई," मिस रेनूफ म्हणाल्या, "तुम्हाला कुणी हे विचारलेलं नाही."

"अहो बाई, आत्ताच तर विचारलंत की."

"ती इथली विचारण्याची रीत आहे. त्याला उत्तर एवढंच द्यायचं." आणि त्यांनी फळ्यावर तीन वाक्यं लिहिली. नॉट टू बॅड, म्हणजे तसं फार वाईट नाही. कान्ट कम्प्लेन, म्हणजे तक्रारीला जागा नाही. मस्टन्ट ग्रम्बल, म्हणजे कुरकुर करू नये माणसानं. "पाय मोडला असला तरी हेच म्हणायचं. समोरच्याच्या दिवसावर आपलं ओझं टाकायचं नाही."

"मग मोडलेल्या पायाचं सांगायचं कुणाला?" झीतानं विचारलं. मिस रेनूफनी फळा पुसला.

इदालीनानं ती वाक्यं निळ्या वहीत उतरवली आणि जपमाळेसारखी घोकली. नुसते शब्द नाहीत, सूरसुद्धा. खांदा थोडा पाडायचा, श्वास सोडता सोडता म्हणायचं, आणि लगेच हवेबद्दल काहीतरी बोलायचं. काय सांगू तुम्हाला, त्या वाक्यांनी जादू केली. एकतीस वर्षं नुसती मान हलवणारी शेजारीण थांबून बोलायला लागली. पाववाला तिला नावानं हाक मारायला लागला. बसचा ड्रायव्हर एकदा म्हणाला, तुम्ही अगदी माझ्या मावशीसारखं बोलता. ते तिचं बेल्मीरूला घरी चारदा सांगून झालं.

"त्याची मावशी काय बोलते?" बेल्मीरूनं विचारलं.

"तुला नाही कळायचं. तू बटाट्यांशी बोल."

डॉक्टरांच्या भेटीचं पत्र आलं. दुभाषी हवा का, असं त्यात विचारलेलं होतं. इदालीनानं 'नको'च्या चौकटीत ठसठशीत फुली मारली. पेन कागदातून पार गेलं.

त्या दिवशी तिनं ठेवणीतला निळा कोट घातला. हाडांचे डॉक्टर फेअरक्लो, उंच, हसऱ्या चेहऱ्याचे. दार उघडून त्यांनी विचारलं, "कशा आहात आज?"

"कान्ट कम्प्लेन," इदालीना म्हणाली. "पाऊस थांबला, बरं झालं."

"आणि खुबा काय म्हणतो?"

"नॉट टू बॅड."

"जिन्यावर त्रास होतो का?"

"मस्टन्ट ग्रम्बल." खांदा अगदी हवा तेवढा पडला.

डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला. जीव कळवळला, पण तिनं दात आवळले आणि हसली. ते खूश, ती खूश. एकही शब्द अडला नाही म्हणून ती बंदरावरून लंगडत, पण राणीसारखी घरी आली. त्या रात्री तिनं गव्हाचं सूप केलं आणि मोंतेच्या आईच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. ते तिनं उघडलंच नाही; वर्गात नेलं. सगळ्यांसमोर वाचावं, तेवढी एक हौस. मिस रेनूफ म्हणाल्या, वाचा. ती एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत गेली आणि बाई अर्थ सांगत गेल्या. बाईंचा आवाज हळूहळू खाली आला. रुग्ण अतिशय आनंदी आहेत. दुखणं सौम्य आहे असं त्या स्वतःच सांगतात. दैनंदिन व्यवहार उत्तम चालू आहेत. सध्या शस्त्रक्रियेची गरज नाही. एक वर्षानं पुन्हा पाहू.



"अभिनंदन गं," झीता म्हणाली. "पहिला नंबर आलीस. आता खुबा तसाच ठेव, बक्षीस म्हणून." आणि लगेच उठून तिनं इदालीनाच्या पाठीवर हात ठेवला.

"चूक माझी आहे," मिस रेनूफ म्हणाल्या. "मी तुम्हाला रस्त्यावरचं बोलणं शिकवलं. डॉक्टरांकडचं शिकवलं नाही." मग त्या म्हणाल्या, "खरं सांगायचं तर ते मलाही येत नाही."

त्यांनी स्वतः नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला. दोन महिन्यांनी पुन्हा भेट ठरली. तोवर दर मंगळवारी तक्रार करण्याचा पाठ झाला. इंग्रजीत तक्रारही क्षमा मागून सुरू होते. तसदीबद्दल माफ करा, आपल्याला वेळ असेल तर, मला वाटतं किंचित त्रास होतोय, अशी सहा वाक्यं.

"ही तक्रार आहे की निमंत्रणपत्रिका?" झीतानं विचारलं.

घरी बेल्मीरू डॉक्टर व्हायचा. हातात सुपाचा डाव धरून विचारायचा, "कशा आहात बाई?" पोर्तुगीजमध्येच, कारण दुसरं त्याला येत नव्हतं. इदालीना सहाही वाक्यं धडाधड म्हणायची आणि तो डावानं टेबलावर ठोकून म्हणायचा, "शंभर टक्के दुखतंय."

"दुभाषी माग या खेपेला," तो एकदा म्हणाला.

"नाही. गाठ मी मारलीय, मीच सोडवणार."

"मग मी येतो."

"तू येऊन काय करणार? तुला 'गुड मॉर्निंग'सुद्धा..."

"बसेन."

तर तो गेला आणि बसला, मांडीवर टोपी ठेवून. फेअरक्लोंनी दार उघडलं, तसेच हसले आणि विचारलं, "कशा आहात आज?"

इदालीनाच्या तोंडून आपसूक निघालं, "कान्ट कम्..." ती थांबली. सहा वाक्यांपैकी एक आठवेना. वही घरी, आणि डॉक्टर हसत वाट बघतायत. तिनं मनातल्या मनात मोंतेच्या आईचं नाव घेतलं.

"मी तक्रार करते," ती इंग्रजीत म्हणाली. माफी नाही, तसदी नाही. "डॉक्टर, मी तक्रार करते. सकाळी पाच. मी पलंग. मोजा. मी..." आणि पुढचे शब्द संपले. तिनं बेल्मीरूकडे पाहिलं. "मोजा," ती पोर्तुगीजमध्ये म्हणाली. "दाखव त्यांना."

बेल्मीरूनं टोपी खुर्चीवर ठेवली. तो तिच्यासमोर जमिनीवर गुडघे टेकून बसला, आधी डावा, मग उजवा. तिच्या बुटाची नाडी सोडली, बूट काढला, मोजा काढला. मग रोजच्यासारखा तो मोजा बोटांवर गोळा केला, तिची टाच तळहातावर घेतली आणि पाय जराही न उचलता मोजा चढवला. तरीही एका जागी तिनं खुर्चीचा हात घट्ट धरला. तिथे तो थांबला, तिचा श्वास परत येईपर्यंत वाट पाहिली आणि मग पुढे सरकला. हे सगळं तो इतक्या सवयीनं करत होता, की खोलीत डॉक्टर आहेत हे विसरल्यासारखा दिसत होता.

फेअरक्लोंनी पेन खाली ठेवलं. मागचा कागद काढून वाचला.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. एक वर्ष, आणि वर चार महिने."

"मागच्या वेळी हे मला सांगितलं का नाहीत?"

इदालीनानं विचार केला. "मागच्या वेळी," ती म्हणाली, "मी अभ्यास करून आले होते."

फेब्रुवारीत नवा खुबा बसला. एप्रिलमध्ये ती काठी घेऊन बंदरापर्यंत जाऊन आली. शेवटच्या तपासणीला तिनं एकच प्रश्न विचारला. झीतानं आणि तिनं मिळून तो कागदावर लिहिला होता: चौऱ्याहत्तर पायऱ्या, गुडघ्यांनी. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. चालत, काठी घेऊन, सावकाश चढा. गुडघ्यांनी अजिबात नाही.

ती पाद्रींकडे गेली. ते म्हणाले, पायांनी चढलीस तरी आईला पोचतं. इदालीना हो म्हणाली, पण समाधान झालं नाही. "मी गुडघ्यांचा शब्द दिला होता," ती घरी बेल्मीरूला म्हणाली. "पाद्री मोठे असतील. पण त्या दिवशी टोपल्यांच्या मधे ते नव्हते, मी होते." बेल्मीरू मासा साफ करत होता. त्यानं काटा काढून बशीच्या कडेला ठेवला.

पंधरा ऑगस्ट. मदेरात, मोंतेच्या पायथ्याशी माणसांची दाटी, तमालपत्राच्या झाडाच्या काठ्यांवर भाजल्या जाणाऱ्या मांसाचा वास, वर घंटा. नेलिया आली होती, तिच्या कडेवर क्लारा, हातात चुरगळलेला कागदी झेंडा. इदालीनानं पहिल्या पायरीवर काठी टेकली आणि क्रूसाची खूण केली. शेजारी काहीतरी हललं म्हणून तिनं पाहिलं. बेल्मीरूनं टोपी काढून नेलियाच्या हातात दिली होती आणि तो काळ्या दगडावर बसत होता, आधी डावा गुडघा, मग उजवा.

"हे काय रे?"

"तुझे पाय, माझे गुडघे. तुझा शब्द पुरा होतो."

"तुला जमायचं नाही. साठी उलटली तुझी."

"दीड वर्ष सराव केलाय," बेल्मीरू म्हणाला.

ती एक पायरी चढायची आणि थांबायची. तो एक गुडघा वर घ्यायचा, मग दुसरा. तिनं डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला होता. कोण कुणाला आधार देतंय, ते बघणाऱ्याला सांगता आलं नसतं. पस्तिसाव्या पायरीवर त्याच्या पँटचं कापड फाटलं. पन्नासाव्या पायरीवर तिनं वाकून विचारलं, "काय रे, कसं आहे?"

घाम पुसत बेल्मीरूनं आठवून पाहिलं. मग खांदा थोडा पाडला.

"नॉट टू बॅड," तो म्हणाला.

इदालीना तिथेच हसायला लागली, काठी हातातून निसटता निसटता राहिली. खालून येणारे लोक वळून बघू लागले. हसू आवरल्यावर दोघं पुन्हा चढू लागले. उरलेल्या चोवीस पायऱ्याही चढून झाल्या. वर दारात क्लारानं झेंडा आजोबांच्या डोक्यावर मारला.

एवढीच गोष्ट. आता उठून घरी जाल, दिवे मालवाल. उद्या सकाळी वाकून पायात मोजा घालाल, तेव्हा क्षणभर बेल्मीरूची आठवण काढा. त्याचे गुडघे अजून दुखतात. कुणी विचारलं, तर तो तुम्हाला सांगणार नाही.