पुन्हा उसवलेली बाही

"सणाच्या सकाळी भिंतीशी काय कानगोष्टी चालल्यात, खाला?" रात्रभर भट्टीसमोर राबून परतलेल्या सब्रीने अदीलाला जिन्यातच हटकलं. त्याच्या काखेत गरम पावांची थप्पी होती आणि भुवया पिठाने पांढऱ्या झाल्या होत्या.

अदीला वळली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीला भेग पडली होती. तिच्यावर अदीलाने परवा खळ लावून एक सूत आडवं चिकटवलं होतं. सूत सब्रीच्या नेसमासाठी ती विणत होती त्या कार्डिगनमधलंच, पिस्ता रंगाचं. काल संध्याकाळी ते ताणलेलं दिसत होतं. आज तुटलं होतं, आणि दोन टोकांच्या मधून तिची करंगळी आरपार जात होती.

"सब्री, इकडे बघ. आपलं घर चाललंय."

"कुठं चाललंय? समुद्रावर? आज सगळी अलेक्झांड्रिया तिकडंच चाललीय."

"थट्टा नको रे मेल्या! खाली ठोकतायत ते ऐकू येतं ना? दुकानाची मधली भिंत पाडली हाजनं. मी शटरखालून वाकून बघितलं. भिंतीच्या जागी दोन ओंडके उभे केलेत. वर पाच मजले आणि खाली ओंडके! चौकीत जाऊन आले, तर तो शिपाई म्हणतो, आज सण आहे, उद्या या. तू बसीमाला घे, पोरीला घे आणि आत्ताच्या आत्ता बाहेर पड."

सब्रीने भेगेत बोट घालून बघितलं. मग हसला. त्याचं ते हसणं बघूनच पुढे तो काय बोलणार हे अदीलाला कळलं.

"खाला, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत की. घर पडणार म्हणून कोणी सांगायला आला, की तो हाजचा माणूस समजायचा."

खरंच होतं ते. घरमालक हाज अतवाला जुन्या भाड्याचे हे भाडेकरू कधीचे नकोसे झाले होते. इमारत धोक्याची आहे असं सांगायला त्याने वेगवेगळे इंजिनीअर आणले, आणि अदीलाने त्या प्रत्येकाला याच जिन्यातून पळवून लावलं. शेवटच्याच्या पाठीवर तर तिची चप्पल बसली होती. ती हकिगत लब्बान मोहल्ल्यात अजून रंगवून सांगतात. शेजारच्या गल्लीतलं एक कुटुंब लग्नाला गेलं आणि परत येऊन बघतं तर दाराला नवं कुलूप, भांडीकुंडी रस्त्यावर. तेव्हापासून अदीलाने नियमच घालून दिला की हे घर कधी रिकामं ठेवायचं नाही. ईद असो, लग्न असो, मयत असो, एका घरची माणसं मागे थांबलीच पाहिजेत. आज शम्म-एल-नसीम, वसंताचा सण. बाकीचे भाडेकरू पहाटेच रंगवलेली अंडी, कांद्याची पात आणि खारवलेला मासा डब्यात भरून समुद्रावर गेले होते. मागे थांबायची पाळी सब्रीची होती.

"तेव्हा तो खोटं बोलत होता," अदीला म्हणाली. "आज मी खरं बोलतेय."

"हाजनं तुम्हाला समुद्राकाठी फ्लॅट देऊ केला की काय?" त्याने डोळा मिचकावला. तिचा चेहरा बघून लगेच वरमला. "बरं, बरं. चुकलो. झोप झाली की भेग लिंपून देतो." जाता जाता त्याने एक पाव तिच्या हातात ठेवला आणि पायऱ्या चढत चौथ्या मजल्यावर निघून गेला.

अदीला तिथेच उभी राहिली. चाळीसेक वर्षं तिने या लोकांना एक होऊन उभं राहायला शिकवलं होतं, आणि आता त्यांना हलवायला तिच्याकडे शब्दच उरला नव्हता. खाली पुन्हा ठोकायला सुरुवात झाली. वरून बारीक वाळू तिच्या डोक्यावरच्या रुमालावर पडली.

मग तिने ठरवलं. तिघं एकदम येत नसतील तर एकेकाला ओढून काढायचं.

समोरच दिमियानाचं सुताबटणांचं दुकान होतं. दिमियानाचा ईस्टर कालच झालेला, दुकान आज बंद. पण अदीलाने दार वाजवलं तसं तिने अर्धं उघडलं, आणि अदीलाने तिला सगळं सांगितलं. अदीला उंबऱ्याजवळ स्टूल घेऊन बसली, मांडीवर कार्डिगन घेतलं आणि गल्लीतून वर हाक मारली, "नेसमा! ये गं, माप घ्यायचंय! इथंच ये, उजेड चांगला आहे!"

नेसमा धावतच आली. सब्री-बसीमाची ही एकुलती एक. अदीलाला मूलबाळ नव्हतं. पहिलं पाऊल ही पोर अदीलाच्या फरशीवर टाकून गेली होती आणि अजूनही आईशी भांडली की अदीलाकडे येऊन जेवायची. दुपारी तिचा होणारा नवरा आणि सासू तिला बागेत फिरायला न्यायला येणार होते. त्यासाठी हे कार्डिगन. साधंच होतं. मधून सुरू करून वाढवत नेलेले क्रोशाचे दोन मोठे षटकोन. एकेक दुमडला की अर्धं अंग आणि एक बाही तयार होते, आणि पाठीवर दोन्ही जोडले की झालं. दोन खांबांमध्ये एक साखळी सोडून विणलेलं, त्यामुळे वजन असं नाहीच. आता फक्त पुढची पट्टी राहिली होती.

नेसमाने ते अंगात घातलं आणि दुकानाच्या आरशात गिरकी घेतली. "खाला! अगं काय सुंदर झालंय!"

"डावी बाही आखूड आहे," अदीला म्हणाली.

"कुठं आखूड? मनगटापर्यंत आलीय की!"

"हात वर केलास की कोपराला जाईल. सासू म्हणेल, सूत पुरलं नाही वाटतं यांना. बस." तिने धागा धरला आणि ओढला. रात्र जागून विणलेली कड सरसर उसवत गेली.

"खाला!!" नेसमा जवळजवळ रडकुंडीला आली. "ते लोक येतील आता!"

"येऊ देत. इथनंच जा. वर जाऊ नकोस."

सुईने ती पुन्हा एकेक खांब घालू लागली, मुद्दाम सावकाश. बाही पूर्ण झाली, तिने ती मापली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा उसवली. दिमियानाने कॉफीचा कप ठेवण्याच्या निमित्ताने वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "सांगून टाक ना पोरीला खरं."

"सांगितलं तर बापाला आणायला धावत वर जाईल," अदीला पुटपुटली. "ओळखत नाहीस का तिला?"

दिमियानाने छातीवर क्रूस काढला आणि समोरच्या इमारतीकडे बघायचं टाळलं. ठोकणं चालूच होतं. चौथ्या मजल्यावर बसीमा वाळत घातलेले कपडे काढायला आली, वाकून खाली बघितलं.

"नेसमा! अजून मापच चाललंय? अंगाचं माप घेतेय की कबरीचं?"

"तोंड सांभाळ गं बाई!" अदीला किंचाळली, आणि तिचा आवाज असा काही निघाला की नेसमाही दचकली. लगेच तिने सूर बदलला. हीच संधी होती. "आणि मला घाई करतेस होय? तुझ्या हाताला काही येत असतं तर माझ्या दारात पोरीला पाठवावं लागलं नसतं!"

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलं नाही? खाली ये, कानात सांगते!"

बसीमा खाली आली, हातात लाकडी डाव, पायात दोन वेगळ्या चपला. कोणाचं काही ऐकून घेणारी बाई नव्हतीच ती. अदीलाला ती उंबऱ्यात आलेली बघून इतकं हायसं वाटलं की डोळे भरून आले, पण तोंड चालू ठेवणं भाग होतं.

"गेल्या साली तुझा मासा खाऊन अर्धी इमारत आडवी झाली होती!"

"आडवी? तू तर तीनदा मागून घेतलास! डब्यातसुद्धा नेलास!"

"मांजराला नेला!"

"मग मांजर मेलं का? अजून माझ्या दारात येऊन हागतं ते!"

नेसमा हसू दाबत होती. दिमियाना मधे पडायचं सोडून नुसती एकीकडून दुसरीकडे बघत होती. गल्लीतली उरलीसुरली पोरं, कॉफीवाला, सगळे जमले. बसीमा रंगात आली होती, बसीमाच्या आईपासून अदीलाच्या नवऱ्यापर्यंत सगळे मेलेले उठवून झाले. दोघी इमारतीबाहेर होत्या. आता तिसरा.

तेवढ्यात ठोकणं थांबलं.

शटर वर गेलं आणि मजूर बाहेर पडले. ते भराभर चालायला लागले, एकाच्या पायात चप्पल नव्हती, आणि हत्यारं सगळी आतच राहिली होती. त्यांच्यातला म्हातारा कोपऱ्यावर पोचला आणि पळू लागला.

अदीला स्टुलावरून उठली. "सब्री!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "सब्री! खाली ये!"

सब्री बाल्कनीत आला. अंगात बनियन, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, केस विस्कटलेले. झोपेतून उठूनही चेहऱ्यावर तेच हसू. "काय झालं? बायकोला मारलंत का माझ्या? साक्षीला येऊ?"

"ये! लगेच ये! पळत ये!"

"अहो असेच काय येताय!" बसीमा खालून ओरडली. "अंगात शर्ट घाला आधी! व्याही येतील इतक्यात, सगळी गल्ली बघतेय!"

"हुकूम, बाईसाहेब," तो म्हणाला आणि आत वळला.

"तसाच ये!" अदीला ओरडली. पण तोवर बाल्कनीत कोणी नव्हतं.

आधी खालचं दुकान बसलं. मग वरचं सगळं त्याच्यावर आलं, चौथ्या मजल्याची बाल्कनी, दोरीवरच्या कपड्यांसकट. आवाज कानात मावला नाही. धूळ गल्लीतून आत घुसली आणि दिमियानाच्या दुकानात काही दिसेनासं झालं. अदीलाने अंधारात चाचपून एका हाताने पोरीला धरलं, दुसऱ्या हाताने बसीमाच्या झग्याचा घोळ, आणि दोघींनी कितीही हिसके दिले तरी सोडलं नाही.

गल्लीतल्या माणसांनी उघड्या हातांनी विटा उपसल्या. समुद्रावरून लोक परतले ते डबे, चटया, रंगीत टरफलं हातात घेऊन तसेच उभे राहिले. एकेक जण आपली माणसं मोजत होता. ती सगळी होती. सब्री सापडला तेव्हा ऊन उतरत आलं होतं. पुरुषांनी बसीमाला जवळ जाऊ दिलं नाही.

संध्याकाळी दिमियानाच्या दुकानात बायका भिंतीकडेने दाटीवाटीने बसल्या होत्या. बसीमा मधोमध. ती रडत नव्हती. मग तिने जणू रोजचं काही विचारावं तसं विचारलं, "तो आत का गेला?"

दिमियानाने तिच्या खांद्यावरची धूळ झटकली.

"बाल्कनीत होता ना? मी बघितलं त्याला. येतच होता खाली. मग आत का गेला?"

"शर्ट घालायला," कोणीतरी हळूच म्हणालं.

"शर्ट?" बसीमाने मान वर केली. "शर्टाचं काय पडलं होतं त्याला? कोणी सांगितलं शर्ट घालायला?"

नेसमाचा चेहरा पांढराफटक पडला. दिमियानाने खाली बघितलं. बसीमाच्या डोळ्यांत काहीतरी हलू लागलं होतं, ती आठवायचा प्रयत्न करत होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिला आठवलं असतं.

"मी," अदीला म्हणाली.

बसीमा तिच्याकडे वळली.

"मीच ओरडले. म्हटलं, असा उघडा येऊ नकोस, लोक बघतायत. माझीच जीभ जळो."

"तू." बसीमा उठली, दोन पावलं पुढे आली आणि तिने अदीलाच्या तोंडात मारली. मग दुसऱ्यांदा. "तू खाल्लंस माझ्या माणसाला! हाजनं नाही, तू!" आणि आता कुठे तिला रडू फुटलं, मोठ्याने, छाती बडवून, आणि बायकांनी तिला आवरलं, जवळ घेतलं, पाणी पाजलं.

अदीलाने रुमाल सारखा केला आणि जागेवरच बसून राहिली. शेजारच्या बायका तिच्यापासून जराशा सरकून बसल्या. नेसमा तेवढी सरकली नाही.