परवा

बेनिनला माल पाठवायचा तर जहाज सुटण्याआधी बीएससी नावाचा क्रमांक काढावा लागतो. कोटोनू बंदरातल्या कस्टमवाल्यांना आपल्याकडे काय येतंय याची खबर आधीच हवी असते. क्रमांक नसेल तर कंटेनर तिथे अडकून पडतो. हॅम्बर्गच्या आमच्या छोट्या स्पेडिशनमध्ये, म्हणजे माल रवाना करणाऱ्या कचेरीत, मी एकवीस वर्षं हेच करते आहे. झोपेतही करीन, अशी माझी घमेंड होती.

सोमवारी अकराला बंदरावरून फोन आला. कोटोनूच्या कंटेनरला क्रमांक नाही म्हणून तो चढवला नाही, जहाज गेलं. आत तिथल्या एका दवाखान्याचं डायलिसिसचं सामान होतं.

ती फाइल क्षितिजाची. पुण्याची पोरगी, नोकरीला लागून चार महिने झालेले, अजून प्रोबेत्साइट, म्हणजे उमेदवारीची मुदत, चालू. या मुदतीत कुणालाही एका कागदावर घरी पाठवता येतं, आणि नोकरी गेली की तिचा व्हिसाही लटकतो. भावाच्या लग्नासाठी ती बुधवारी संध्याकाळी निघाली आणि जाताना माझ्या स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवून गेली: ‘कोटोनू बीएससी – परवा.’

मराठीत चिठ्ठ्या लिहायचं खूळ माझंच. आमच्या लोरेन्झेन साहेबांना प्रत्येक कागदात डोकावायची सवय, म्हटलं वाचा आता. सुरुवातीला ती चांगली ऐसपैस लिहायची. चिठ्ठी आहे की लग्नपत्रिका, असं मी तिला चिडवलं. क्रियापदं गाळ म्हटलं, मला कळतं. तिने गाळली. मी त्याच संध्याकाळी वाचलं, परवा केलं, म्हणजे त्या आठवड्याच्या सोमवारीच झालं. निर्धास्त झाले.

बंदरावरचा फोन ठेवल्या ठेवल्या तिला लावला. मागे सनई वाजत होती. “काकू, परवा म्हणजे शुक्रवारी करायचं होतं,” ती म्हणाली. “पक्कं वजन शुक्रवारी येणार होतं ना? त्याशिवाय क्रमांक कसा निघणार?”

वजन आलं होतं. शुक्रवारी मीच ती मेल उघडली होती आणि फाइलला लावून टाकली होती.

दुपारी साहेबांनी आत बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या हातात होती. दवाखान्यापुरतं सामान विमानाने पाठवायची सोय त्यांनी केली होती, त्यामुळे तिथलं कुणी अडणार नव्हतं. पण चूक कोणाची, हे त्यांना आज संध्याकाळपर्यंत वर कळवायचं होतं, आणि ज्याची असेल तो राहणार नव्हता. हे त्यांनी शांतपणे सांगितलं. ओरडले असते तर मला इतकी भीती वाटली नसती.

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. शिरीष, माझा नवरा, दोन वर्षं आजारपणामुळे घरी आहे. या वयात मला कोण दारात उभं करणार?

साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि अर्थ विचारला.

“फोरगेस्टर्न,” मी म्हणाले. परवा. कालच्या आधीचा दिवस. कुठलाही शब्दकोश उघडा, हा अर्थ सापडेल. दुसराही सापडेल, तो त्यांनी विचारला नव्हता.

“आल्झो, म्हणजे,” ते लिहिता लिहिता म्हणाले, “केलं असं लिहून ठेवलं आणि केलं नाही.”

“या,” मी म्हणाले. जर्मन ‘या’. म्हणजे हो.

जागेवर येऊन बसले. चहा ओतला. तासाभराने फोनवर क्षितिजाचा निरोप आला.

‘काकू, सरांची मेल आली. मी खोटं लिहिलं म्हणतात. काहीतरी गैरसमज झालाय त्यांचा. मी कळवलंय की मालिनीकाकूंना विचारा, त्यांना परवाचे दोन्ही अर्थ माहीत आहेत.’

मान वर केली. साहेब चिठ्ठी घेऊन माझ्या टेबलाकडे येत होते.