दहा हजार चारशे तीन

मांडवाखालून वाकून येताना जयराम गुरुजींची टोपी वेलीत अडकली. ती सोडवायला त्यांनी इतका वेळ घेतला, की द्राक्षांची विरळणी करणाऱ्या बायकांच्या कात्र्या थांबल्या.

"कुनाकडं आलात, बाबा?" सावित्रीबाईनं विचारलं. "बाग इकत घ्यायची असंल तर मालक तिकडं बसलाय."

"आशा आहे का? सुरगाण्याची."

टोळीची मुकादम आशा दोन ओळी पलीकडून आली. बावीस वर्षांनीही तिनं लगेच ओळखलं आणि वाकून पायाला हात लावला. गुरुजींची शिव्या खायची तयारी होती, नमस्काराची नव्हती.

त्यांनी खिशातून कागद काढला. सातवीच्या वहीचं अर्धं पान. गुरुजी माणसं विसरत, पण कागद टाकत नसत. निवृत्तीनंतर कपाट आवरताना हा सापडला. वेळ जात नव्हता, म्हणून त्यांनी तो पहिल्यांदाच नीट तपासला.

"नाशिकला गणिताच्या परीक्षेला एकच मूल पाठवायचं होतं, आठवतं? मी फळ्यावर संख्या दिली होती. दहा हजार चारशे तीन. मूळ की संयुक्त, ते सांगायचं."

"अमित गेला होता," आशा म्हणाली. "आता अंबडला सायेब हाय."

"त्यानं मूळ लिहिलं. माझ्याही वहीत मूळच होतं. भिंतीवर मूळ संख्यांचा तक्ता होता ना, तो सत्त्याण्णवला संपायचा. तिथपर्यंत कशानंच भाग गेला नाही, म्हणून मी थांबलो. त्याच्या पुढची एकच बघायची राहिली. एकशे एक." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "ती तू बघितलीस."

कागदावर १०१ × १०३ होतं आणि त्यावर तांबडी फुली. एवढी दाबून मारलेली, की पानाच्या मागंही उमटली होती. गुणून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण निम्मं वर्ष गैरहजर असणाऱ्या पोरीचं उत्तर गुणून कोण बघतो? दिवाळीनंतर तर ती आलीच नाही. आईबापाबरोबर बागांवर निघून गेली.

"चूक माझी होती, आशा. तू जायला हवी होतीस."

"म्हंजे आमची मुकादम सायबीन झाली असती?" सावित्रीबाई म्हणाली. बायका हसल्या. "मंग आमाला कामाला कोन जुंपलं असतं?"

आशा हसली नाही. तिनं हात पदराला पुसले, कागद घेतला आणि मांडवातून उन्हाची तिरीप येत होती तिथं धरला. बराच वेळ.

"हे अक्षर माझं नाय, गुरुजी."

"वर नाव आहे तुझं."

"दुसऱ्या आशाचं असंल. वर्गात दोन होत्या."

गुरुजींनी निघण्याआधी जुना हजेरीपटही पाहिला होता. आशा एकच होती.

"मला कुठं यायचे भागाकार," ती म्हणाली. "उन्हाचं आलात. पाणी घ्या. सावित्रीबाई, तांब्या दे गं."

कात्र्या पुन्हा चालू झाल्या. आशानं कागद जुन्याच घडीवर दुमडला, कमरेच्या पिशवीत खोल सारला आणि आपल्या ओळीकडं चालू लागली.

गुरुजींनी कागदासाठी पुढं केलेला हात तांब्याकडं वळवला.